ऑथेल्लो : बोललेला आणि गायिलेला



'नाटक आणि संगीत' हा विषय एवढा अफाट आहे की एका संध्याकाळी त्याचा नुसता उंबरठा ओलांडायचा म्हटले तरी वेळ पुरायचा नाही. म्हणून आज मी त्यातली एकच जोडी आपल्यापुढे ठेवणार आहे. एक शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' हे नाटक, आणि दुसरा त्याच कथेवर जुझेप्पे व्हेर्दी या इटालियन संगीतकाराने रचलेला 'ओतेल्लो' हा ऑपेरा. गोष्ट एक, माणसे बहुतेक तीच, शेवटही तोच. तरीसुद्धा नाटक वाचून उठलेला माणूस आणि ऑपेरा ऐकून उठलेला माणूस अगदी वेगवेगळे ओझे मनावर घेऊन घरी जातो. असे का व्हावे, याचा विचार आपण करू.

ऑथेल्लोची गोष्ट सांगितली की ऐकणारा बहुधा एका वाक्यात निकाल देऊन टाकतो : 'हलक्या कानाचा होता, दुसरे काय!' आपल्या मराठीतला हा शब्दप्रयोग मोठा मार्मिक आहे. पण तो ऑथेल्लोला लावला की एक अडचण उभी राहते. हलक्या कानाच्या माणसाची फजिती होते. त्याची शोकांतिका होत नाही. कोणी काहीही सांगावे आणि याने ते खरे मानावे, अशा माणसाला आपण हसतो. ऑथेल्लोसाठी मात्र जग चारशे वर्षे हळहळत आले आहे. तेव्हा त्याचा कान कसा होता आणि त्यात काय, कोणत्या रीतीने ओतले गेले, हा खरा प्रश्न आहे.

हसू आणि आसू यांमधला हा फरक आपल्या गोविंद बल्लाळ देवलांना पुरता ठाऊक होता. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली या नाटकाचे मराठी भाषांतर केले होते. पुढे देवलांनी त्याला मराठमोळा वेष चढवून १८९० साली 'झुंझारराव' लिहिले आणि गणपतराव जोशांनी ती भूमिका गाजविली. याच देवलांच्या 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव १९१६ साली पदांसह रंगभूमीवर आला. तिथेही संशय आहे आणि तोही एका क्षुल्लक वस्तूवरून, एका तसबिरीवरून, पेटलेला आहे. पण फाल्गुनरावाला पाहून आपण पोट धरधरून हसतो, आणि झुंझाररावाला पाहून प्रेक्षागृह चिडीचूप होते. गंमत पाहा. 'शारदे'ची पदे लिहिणाऱ्या देवलांनी 'झुंझारराव' मात्र गद्य ठेवला. आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, १८८७ साली, तिकडे मिलान शहरात व्हेर्दीने हीच कथा पहिल्या स्वरापासून अखेरच्या स्वरापर्यंत गायनात बसविली होती.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा मूर सेनापती. वर्णाने काळा, परका. पण रणात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. डेस्डेमोना ही तिथल्या एका उमरावाची मुलगी. ती बापाच्या नकळत त्याच्याशी लग्न करते. इयागो हा त्याचा हाताखालचा अधिकारी. बढती आपल्याला न देता कॅसिओला दिली याचा त्याच्या मनात डंख. सायप्रस बेटावर गेल्यावर हा इयागो ऑथेल्लोच्या मनात असे भरवतो की डेस्डेमोना आणि कॅसिओ यांचे सूत आहे. पुरावा काय, तर ऑथेल्लोने बायकोला दिलेला एक रुमाल. तो तिच्या हातून पडतो, इयागोची बायको एमिलिया उचलते, इयागो तो कॅसिओच्या खोलीत नेऊन टाकतो. एवढ्यावर एका निरपराध स्त्रीचा गळा दाबला जातो. आणि मग सत्य कळते.

ही कथा शेक्सपिअरचीही मुळातली नव्हे. जिराल्दी चिंतिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातून त्याने ती घेतली. १६०४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या राजवाड्यात या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. म्हणजे इटलीतून इंग्लंडात गेलेली कथा पावणेतीनशे वर्षांनी, दुप्पट श्रीमंत होऊन, इटलीला परत आली.

मध्यंतरी ती एकदा येऊन गेलीही होती. १८१६ साली रोसिनीने 'ओतेल्लो' रचला होता. पण त्यात सगळी कथा व्हेनिसमध्येच घडते, रुमालाऐवजी एक पत्र आहे, आणि पुढे रोमच्या प्रेक्षकांसाठी तर शेवट गोड करून टाकला होता. नायक-नायिका सुखाने नांदू लागतात! आपल्याकडेही शोकान्त नाटकाला सुखान्त करण्याचा मोह नाटककारांना झालेला आहे, तेव्हा रोमकरांना हसण्याचे कारण नाही. सांगायचे एवढेच की व्हेर्दीपुढे मोठ्या नावाचा एक आदर्श होता, आणि तो टाळणेच भाग होते.

आता व्हेर्दीकडे वळू. १८७१ साली 'आयदा' रंगभूमीवर आला तेव्हा तो ५८ वर्षांचा होता, कीर्तीच्या शिखरावर होता, आणि आता शेतीवाडी पाहावी अशा विचारात होता. त्यानंतर १५ वर्षे त्याचा नवा ऑपेरा झाला नाही. १८७९ च्या उन्हाळ्यात त्याचा प्रकाशक जुल्यो रिकोर्दी याने जेवणाच्या वेळी सहज म्हणून ऑथेल्लोचा विषय काढला आणि संहिता लिहिण्यासाठी आरिगो बोइतो या कवीचे नाव पुढे केले. बोइतो व्हेर्दीपेक्षा २८ वर्षांनी लहान. स्वतःही संगीतकार. तरुणपणी, १८६३ साली, त्याने एका कवितेत इटलीच्या कलेची वेदी मळल्याची तक्रार केली होती, आणि ते शब्द आपल्यालाच उद्देशून आहेत असे समजून व्हेर्दी दुखावला होता. अशी ही जोडी.

त्यांचे काम चालू असताना १८८४ साली एक प्रकार घडला. तो मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या विषयाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. नेपल्समध्ये बोइतोच्या सत्कारानंतर वर्तमानपत्रांत छापून आले की, या संहितेला आपण स्वतःच संगीत देऊ शकलो नाही याची बोइतोला खंत वाटते. झाले! व्हेर्दीच्या कानावर ही गोष्ट गेली. म्हातारा मानी होता. त्याने दोघांचाही मित्र असलेल्या फ्रांको फाच्चो याला लिहिले की, माझी संहिता परत करण्याची तयारी आहे, मनात काही किल्मिष नाही. बोइतोला हे कळताच त्याने पत्र लिहून सगळा खुलासा केला : आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, हे काम फक्त तुमचेच. संशय फिटला आणि काम पुढे चालले. ज्या संहितेत एका शब्दाचा खुलासा न मागितल्यामुळे दोन जीव जातात, ती संहिता एका खुलाशाच्या पत्रामुळे वाचली!

शेक्सपिअरच्या नाटकात ही जागा फार कठोर आहे. कॅसिओ सायप्रसमध्येच असतो, रोज नजरेसमोर असतो. ऑथेल्लो बायकोला दरडावतो, एमिलियाची उलटतपासणी घेतो. पण कॅसिओला काही विचारीत नाही. तो प्रश्न तो अखेरच्या प्रवेशात विचारतो : हा रुमाल तुझ्याकडे कसा आला? तेव्हा डेस्डेमोनाचे प्रेत शेजारी पडलेले असते.

आपल्या संगीत नाटकात गद्य चालू असते, मग ऑर्गन सूर धरतो, नट पद म्हणतो. रंगले तर 'वन्समोअर' मिळतो, आणि तोवर कथा बाजूला उभी राहून वाट पाहते. जुन्या इटालियन ऑपेरातही सुटी सुटी गाणी असत आणि टाळ्यांसाठी गोष्ट थांबे. व्हेर्दीने स्वतः तारुण्यात असेच ऑपेरे लिहिले. पण 'ओतेल्लो'त त्याने हे बांध फोडले. संवाद गाण्यात मिसळतो, गाणे संवादात विरते, आणि वाद्यवृंद एखाद्या नदीसारखा अखंड वाहतो. पण गाण्याला वेळ लागतो. जे वाक्य नट दोन श्वासांत बोलून जातो त्याला गायक मिनिट घेतो. म्हणून बोइतोला कात्री चालवावी लागली. शेक्सपिअरच्या तीन हजारांहून अधिक ओळींच्या जागी त्याच्या संहितेत सुमारे आठशे ओळी उरल्या. पाच अंकांचे चार झाले. काय गेले आणि त्याच्या बदल्यात काय आले, याचा जमाखर्च आता मांडू.

पहिली मोठी वजाबाकी म्हणजे व्हेनिसचा पहिला अंक. तो संबंधच गेला. ऑपेरा एकदम सायप्रसच्या बंदरावर, वादळात सुरू होतो. या वादळात व्हेर्दीने एक युक्ती केली आहे. ऑर्गनवर अगदी खालचे, एकमेकांना चिकटलेले तीन स्वर त्याने वादळ ओसरेपर्यंत एकसारखे धरून ठेवले आहेत. घरी पेटी असेल तर सा, कोमल रे आणि शुद्ध रे या तिन्ही पट्ट्या एकदम दाबून पाहा. कानाला ते स्वर वेगवेगळे कळत नाहीत. पण पोटात काहीतरी ढवळते, जमीन हलल्यासारखी वाटते. त्या गर्जनेतून ओतेल्लोचे जहाज किनाऱ्याला लागते, आणि तो थोड्याच ओळींत विजयाची वार्ता ललकारतो. मिलानच्या पहिल्या प्रयोगात ही ललकारी फ्रांचेस्को तामान्यो या भरदार आवाजाच्या गायकाने दिली होती. त्या ललकारीतच हा माणूस केवढा आहे हे प्रेक्षकाला कळते. शेक्सपिअरला जे एका अंकात सांगावे लागले ते व्हेर्दीने काही क्षणांत सांगितले.

पण सगळेच सांगितले काय? नाही. नाटकाच्या पहिल्या प्रवेशात लोक ऑथेल्लोविषयी खूप बोलतात, पण त्याचे नाव एकदाही घेत नाहीत. 'तो मूर' म्हणतात, त्याच्या रंगावरून आणि ओठांवरून घाणेरडे बोलतात. मग मध्यरात्री सिनेटची बैठक भरते. मुलीचा बाप ब्रबान्शिओ न्याय मागतो : माझ्या मुलीवर याने चेटूक केले! पण तुर्कांचे आरमार निघाले आहे, राज्याला सेनापती हवा आहे, आणि म्हणून न्यायाचा काटा त्या रात्री ऑथेल्लोकडे झुकतो. ऑथेल्लोला व्हेनिसमध्ये मान आहे, पण तो गरजेपुरता, हे तिथे न बोलता स्पष्ट होते. जाता जाता ब्रबान्शिओ म्हणून जातो की, जिने बापाला फसविले ती तुलाही फसवील. तिसऱ्या अंकात इयागो नेमके हेच शस्त्र बाहेर काढतो. मी परका आहे, मला यांच्या बायकांच्या रीती काय कळणार, ही ऑथेल्लोच्या मनातली जुनी जखम असते, आणि इयागो तिच्यावर बोट ठेवतो. म्हणून म्हणतो, तो कान हलका नव्हता. परका माणूस ज्या घरात राहतो तिथला प्रत्येक आवाज त्याला सावध होऊन ऐकावा लागतो. तसा तो कान होता.

ऑपेरात हा धागा अगदी तुटला नाही तरी फार विरळ झाला आहे. तिथे ओतेल्लो हा मुख्यतः एक महान प्रेमिक आहे, आणि त्याची शोकांतिका घराच्या आतली आहे. या भूमिकेसाठी गोरे गायक वर्षानुवर्षे तोंडाला काळा रंग फासून उभे राहत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ही प्रथा २०१५ साली सोडली. उलट नाटकात १९३० साली लंडनमध्ये आणि १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये पॉल रोबसन हा कृष्णवर्णी नट ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. रोबसनचा आवाज जगाने गाण्यासाठी ओळखला. पण ऑथेल्लो त्याने गायिला नाही, तो बोलला. त्या भूमिकेतला अपमान आणि अभिमान त्याला कुठून आणावा लागला नसेल.

दुसरी गोष्ट प्रेमाची. नाटकात ऑथेल्लो सिनेटपुढे सांगतो की चेटूक वगैरे काही नाही. मी माझ्या लढाया, माझी गुलामगिरी, माझे प्रवास यांच्या कथा सांगत होतो, ती घरकाम आटोपून येई आणि ऐकत बसे. म्हणजे या प्रेमाचा जन्मच मुळी कानातून झाला! ज्या दाराने प्रेम आले त्याच दाराने पुढे विष आले, ही या नाटकाची खरी रचना आहे. बोइतोच्या तीक्ष्ण नजरेने हे हेरले. सिनेटचे भाषण त्याने टाकले, पण त्यातला गाभा उचलून पहिल्या अंकाच्या अखेरीस नवरा-बायकोच्या युगुलगीतात ठेवला. दंगा शांत झाला आहे, रात्र निवली आहे, आकाशात तारे आहेत. चार चेलोवाद्यांचा मंद आलाप सुरू होतो, आणि ती दोघे आपल्या प्रेमाची ती जुनी कथा एकमेकांना आळीपाळीने आठवून देतात. पहिल्या प्रयोगाच्या वेळी वाद्यवृंदातल्या चेलोवादकांत १९ वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याचे नाव आर्तुरो तोस्कानिनी. पुढे तो जगातला एक थोर संगीतनियंता झाला आणि या ऑपेराचे त्याने १९४७ साली केलेले नभोवाणीवरचे सादरीकरण आजही ऐकायला मिळते.

या गीताच्या शेवटी ओतेल्लो तीनदा चुंबन मागतो, आणि वाद्यवृंदातून एक छोटी, उंचावत जाणारी सुरावट उमटते. ती ऐकून ठेवा. कारण पुढे दोन अंक ती कुठेच भेटत नाही. शेक्सपिअरच्या नाटकात मरता मरता ऑथेल्लो त्या चुंबनाचा उल्लेख करतो. नाटकातले त्याचे ते अखेरचे शब्द. नाटकात जे शेवटी आहे ते बीज बोइतोने आणि व्हेर्दीने सुरुवातीला नेऊन पेरले. याचे पीक कसे आले ते पुढे पाहू.

तिसरी गोष्ट इयागोच्या कारस्थानाची. नाटकातल्या तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश हा जगातल्या नाट्यवाङ्मयातला एक अजोड प्रवेश आहे. सुरुवातीला ऑथेल्लो पत्नीवर लुब्ध आहे. त्याच प्रवेशाच्या शेवटी तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो. आणि मधे इयागोने काय केले? आरोप जवळजवळ केलाच नाही. ऑथेल्लो जो शब्द उच्चारतो तोच तो प्रश्नासारखा परत करतो, अर्धे वाक्य बोलून थांबतो, सांगायचे नाही असे म्हणत राहतो, वर संशयापासून सावध राहा असा उपदेशही करतो! उरलेली वाक्ये ऑथेल्लो स्वतःच पुरी करतो. दुसऱ्याने सांगितलेले आपण पडताळून पाहतो. स्वतःच पुऱ्या केलेल्या वाक्यावर मात्र आपला विश्वास बसतो. चाळीच्या जिन्यात, कचेरीच्या व्हरांड्यात किंवा आताच्या काळात हातातल्या फोनवर जी कुजबुज चालते, तिचेही व्याकरण हेच आहे.

व्हेर्दीने हे स्वरांत कसे आणले? त्याचा इयागो मोठ्याने फारसा गात नाही. चित्रकार मोरेल्ली याला लिहिलेल्या पत्रात त्याने इयागोचे जे वर्णन केले, त्यात उंच, सडपातळ, पातळ ओठांचा, कशातच लक्ष नसल्यासारखा वावरणारा माणूस आहे. खलपुरुषाच्या मिशा आणि डोळे वटारणे नाही. दुसऱ्या अंकात इयागो ओतेल्लोला कॅसिओचे खोटेच स्वप्न सांगतो. कॅसिओ झोपेत डेस्डेमोनाचे नाव घेत होता म्हणे! ही जागा अत्यंत हळू, जवळजवळ श्वासावर, अंगाईसारख्या गोड चालीत बांधली आहे. ती ऐकताना आपल्याला ठाऊक असते की हे खोटे आहे. आणि तरीही ते गोड लागते! नाटकात इयागोचे शब्द आपण बुद्धीने तपासू शकतो. सुराला असा पहारा बसविता येत नाही. ओतेल्लो का फसला हे इथे कोणी समजावून सांगत नाही. आपणच अर्धे फसलेले असतो.

इथे एका गोष्टीत मात्र माझे मत संगीतकाराच्या विरुद्ध जाते. दुसऱ्या अंकाच्या आरंभी बोइतोने इयागोला एक नवे स्वगत दिले आहे. ते शेक्सपिअरमध्ये नाही. ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेचा उच्चार करतो त्या साच्यात हा इयागो आपल्या दुष्टपणाची श्रद्धा उच्चारतो : देव क्रूर आहे, त्याने मला स्वतःसारखाच घडविला, मरणापुढे काही नाही. व्हेर्दीला हे फार आवडले, आणि रंगभूमीवर ते प्रभावी होते यात शंका नाही. पण त्याने इयागोला एक तत्त्वज्ञान मिळाले, आणि तत्त्वज्ञान मिळाले की माणूस थोडा समजतो. शेक्सपिअरचा इयागो समजत नाही. त्याच्या तोंडी ऑथेल्लोपेक्षाही अधिक ओळी आहेत. तो कधी बढतीचे कारण सांगतो, कधी आपल्या बायकोवरच्या संशयाचे, कधी आणखी कसले. ही कारणे तो शोधीत फिरतो असे कोलरिजचेही मत होते. आणि अखेरीस, तू हे का केलेस असे विचारल्यावर, तो यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगून गप्प होतो. ज्याने शब्दांनी सगळे जाळले त्याचे ते मौन! ऑपेरातला इयागो शेवटी नकार देऊन पळत सुटतो, शिपाई मागे धावतात. ते मौन आणि ही पळापळ यांची तुलना होऊ शकत नाही.

पण हा तोटा व्हेर्दी दुसरीकडे भरून काढतो. नाटकात एका वेळी एकाच माणसाने बोलायचे असते. ऑपेरात चार माणसे चार गोष्टी एकाच वेळी गाऊ शकतात आणि कान त्या एकत्र धरू शकतो. दुसऱ्या अंकातल्या चौघांच्या गाण्यात डेस्डेमोना नवऱ्याची विनवणी करीत आहे, ओतेल्लो आपल्या वयावर, वर्णावर मनाशी कुढत आहे, आणि त्याच क्षणी बाजूला इयागो एमिलियाच्या हातातून रुमाल हिसकावून घेत आहे. क्षमा, संशय, चोरी आणि भीती एकाच सुरावटीत! सत्य दोन हातांवर आहे, नुसते वळून पाहायचा अवकाश. पण कोणी वळत नाही. ही वेदना बोलपटाला किंवा गद्य नाटकाला साधणार नाही.

तिसऱ्या अंकाच्या शेवटीही असेच. व्हेनिसहून आलेल्या वकिलासमोर ओतेल्लो बायकोला जमिनीवर लोटतो. सगळा दरबार हळहळत गातो आहे, आणि इयागो त्या गर्दीतून फिरत एकेकाच्या कानाशी लागतो आहे. शेवटी सगळे निघून जातात. ओतेल्लो बेशुद्ध होऊन पडतो. बाहेर लोक व्हेनिसच्या सिंहाचा जयजयकार करीत आहेत, आणि आत त्या पडलेल्या सिंहाकडे बोट दाखवीत इयागो उभा आहे.

आता अखेरचा अंक. डेस्डेमोना निजायला निघाली आहे. तिला आईच्या एका दासीचे जुने गाणे आठवते. नाटकातही हे गाणे आहे. १६२३ च्या संग्रहात ते सापडते, त्याआधीच्या १६२२ च्या छापील प्रतीत नाही. नाटकात या गाण्यानंतर एमिलिया आणि डेस्डेमोना यांचे एक बोलणे आहे. बायकांनाही मन असते, भुका असतात, नवरे जसे वागतात तशा बायका शिकतात, असे एमिलिया रोखठोक सांगते. चारशे वर्षांपूर्वी एका स्त्रीच्या तोंडी घातलेले हे भाषण आजही अंगावर येते. बोइतोने ते गाळले. त्यामुळे एमिलियाचा कणा थोडा गेला, आणि डेस्डेमोनाही जरा देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी झाली. सिनेटपुढे ताठ मानेने बोलणारी, बंदरावर थट्टा करणारी ती मुलगी ऑपेरात फारशी दिसत नाही.

त्या जागी व्हेर्दीने काय दिले? एक प्रार्थना. डेस्डेमोना मेरीमातेची प्रार्थना करते. तिचा शेवट व्हायोलिनच्या अगदी वरच्या, विरळ होत जाणाऱ्या स्वरात होतो. ती निजते. आणि त्याच क्षणी वाद्यवृंदाच्या तळातून, सर्वांत खर्जाच्या डबल बास वाद्यांचा दबका आवाज येतो. ओतेल्लो दारात उभा आहे. कोणी काही बोलत नाही, गात नाही. सर्वांत उंच स्वर आणि सर्वांत खालचा स्वर, आणि मधे काही नाही. या दोघांमधले अंतर एवढे कोणत्या शब्दांनी सांगता आले असते?

तो जवळ येतो, झोपलेल्या पत्नीकडे पाहतो, आणि दोन अंक हरवलेली ती चुंबनाची सुरावट वाद्यवृंदातून परत येते. ओतेल्लो काही म्हणत नाही, पण आपल्याला कळते की त्याचे प्रेम अजून तसेच आहे. त्याच्या मेंदूने निकाल दिला आहे. त्याच्या आतल्या संगीताला तो पटलेला नाही. मग खून होतो. सत्य बाहेर येते. नाटकात ऑथेल्लो मरण्यापूर्वी एक भाषण करतो. मी राज्याची सेवा केली आहे म्हणतो, अलेप्पो शहरात व्हेनिसची निंदा करणाऱ्या एका तुर्काला आपण कसे मारले ते सांगतो, आणि सांगता सांगता तोच खंजीर स्वतःला मारतो. परक्याने परक्याला मारावे तसा तो स्वतःला मारतो. ऑपेरात अलेप्पो नाही, राज्य नाही. आहे ती फक्त ती सुरावट, तिसऱ्यांदा. ओतेल्लो मरता मरता पुन्हा चुंबन मागतो, आणि शेवटचा शब्द त्याच्या ओठांवर अर्धाच राहतो. वाद्यवृंद तो पुरा करतो.

श्रोतेहो, जमाखर्च मांडायचा म्हटले होते. आता शिल्लक सांगतो. शेक्सपिअर आपल्याला दाखवितो की संशय कसा बांधला जातो : एकेक शब्द, एकेक अर्धे वाक्य, आणि त्याखाली परकेपणाची, समाजाच्या तिरस्काराची जुनी भुसभुशीत जमीन. व्हेर्दी आपल्याला ऐकवितो की संशयाने काय मोडले : एका रात्रीची ती सुरावट, जी पुन्हा ऐकू आली तेव्हा फार उशीर झाला होता. नाटक पाहून आपण शहाणे होऊन बाहेर पडतो. ऑपेरा ऐकून आपण पोरके होऊन बाहेर पडतो. मला विचाराल तर या कथेला दोन्हींची गरज आहे. नुसत्या शहाणपणाने कोणाचा संशय थांबला आहे? आपले काय जाणार आहे हे आधी काळजाला ऐकू यावे लागते, तेव्हाच माणूस तो एक साधा प्रश्न विचारायला धजतो.

म्हणून माझी आपल्याला एक साधी विनंती आहे. आज ग्रंथालयात नाटक मिळते, आणि ऑपेऱ्याच्या ध्वनिमुद्रिका व चित्रफिती घरबसल्या मिळतात. परकी भाषा, परके संगीत म्हणून बिचकू नका. प्रथम नाटकातला तिसरा अंक वाचा, मग ऑपेरातला दुसरा अंक ऐका. एक प्रवेश वाचून आणि एक प्रवेश ऐकून पाहा, कोणता इयागो आपल्या अधिक ओळखीचा वाटतो ते. आणि उद्या सकाळी कोणी आपल्या कानाशी लागून अर्धे वाक्य बोलून थांबला, तर ते वाक्य आपण पुरे करू नका. त्यालाच पुरे करू द्या. बहुतेक इयागो तिथेच अडतात.